आधी खेळ ठरवा, मग बॉक्स

टीव्हीला एकच बॉक्स जोडावा, रात्री त्यावर सिनेमा बघावा आणि रविवारी मुलांनी त्यावरच गेम खेळावेत, ही अपेक्षा साधी आहे आणि रास्तही आहे. ती पुरी करतो असं सांगणाऱ्या वस्तूंची बाजारात कमतरता नाही. तीन-चार हजारांच्या स्टिकपासून पन्नास हजारांच्या कन्सोलपर्यंत सगळ्यांच्या जाहिरातीत सिनेमाही असतो आणि गेमही. प्रत्यक्षात या वस्तूंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो जवळजवळ सगळा गेमच्या बाजूला आहे. सिनेमा दाखवणं आता बहुतेकांना जमतं, खेळवणं फार थोड्यांना. म्हणून हा बॉक्स निवडताना रॅम किती आणि फोर-के आहे का, हे प्रश्न नंतर यावेत. कोणता खेळ खेळायचा आहे, कोण खेळणार आहे आणि एका वेळी किती जण खेळणार आहेत, हे आधी ठरावं. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात जे घडलं, त्यातून हाच धडा पुन्हा पुन्हा मिळतो.

आजवर काय झालं

सिनेमा आणि खेळ यांची एका यंत्रात मोट बांधायचे प्रयत्न जुने आहेत. फिलिप्सने १९९१ मध्ये सीडी-आय हे यंत्र बाजारात आणलं. त्यावर सिनेमे बघता येत आणि गेमही खेळता येत, पण खेळ सुमार निघाले आणि यंत्र मागे पडलं. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन टूला मात्र घवघवीत यश मिळालं. डीव्हीडी प्लेयर महाग असण्याच्या काळात हा कन्सोल डीव्हीडीही लावत होता, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही तो घ्यावासा वाटला. जगभर त्याची १५ कोटींहून अधिक विक्री झाली. पण तो आधी गेमचा कन्सोल होता. डीव्हीडी ही त्याची जोडीची सोय होती, आणि खेळ कमअस्सल असते तर त्या सोयीने तो तरला नसता.

इंटरनेटवरून सिनेमे बघणं रूढ झाल्यावर नवी लाट आली. २०१२ च्या जुलैत ऊया नावाच्या अँड्रॉइड कन्सोलसाठी लोकांनी किकस्टार्टरवर ८५ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. २०१३ च्या जूनमध्ये तो ९९ डॉलरना दुकानात आला. आत मोबाइलची चिप होती आणि गेमही बरेचसे मोबाइलच्याच धाटणीचे होते. २०१५ मध्ये रेझर या कंपनीने ऊयाचा व्यवसाय विकत घेतला आणि २०१९ च्या जूनमध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. लोकांनी पैसे मोजून घेतलेले अनेक गेम त्याबरोबर निकामी झाले. २०१४ मध्ये ॲमेझॉनचा पहिला फायर टीव्ही आला. त्यासाठी वेगळा कंट्रोलर होता आणि कंपनीच्या स्टुडिओने खास गेमही केले होते. त्याच वर्षी गूगलचा नेक्सस प्लेयर आला आणि २०१६ मध्ये त्याची विक्री थांबली.

२०१५ मध्ये दोन दमदार वस्तू आल्या. एक एनव्हिडियाचा शील्ड टीव्ही आणि दुसरी ॲप स्टोअरसह आलेली नवी ॲपल टीव्ही. शील्डमध्ये टेग्रा एक्स-वन ही चिप होती. दोन वर्षांनी निन्टेंडोने स्विच हा कन्सोल आणला, त्यातही हीच चिप होती. स्विचची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. शील्ड मात्र मोजक्या जाणकारांचा लाडका बॉक्स राहिला. चिप एकच, मग फरक कशाचा? निन्टेंडोकडे मारिओ आणि झेल्डा होते, बाहेरचे स्टुडिओ त्या यंत्रासाठी खपत होते आणि खोक्यातच दोघांना खेळता येतील असे कंट्रोलर होते. शील्डवर हाफ-लाइफ टू, पोर्टल, डूम थ्री असे काही गाजलेले गेम आले, पण तो ओघ पुढे टिकला नाही. बॉक्सची ताकद चिपवर ठरते, पण त्यावर काय खेळायला मिळेल हे गेम करणारी मंडळी ठरवतात.

ॲपल टीव्हीची गोष्टही बोलकी आहे. सुरुवातीला ॲपलने अट घातली की प्रत्येक गेम त्यांच्या लहानशा रिमोटवरही खेळता आला पाहिजे. ज्या खेळाला दोन कांड्या आणि आठ बटणं लागतात, तो अशा रिमोटवर बसवणं जवळपास अशक्य. २०१६ मध्ये ही अट सैल झाली, पण तोवर बऱ्याच गेम कंपन्यांचा उत्साह मावळला होता. २०१६ च्या अखेरीस ॲपल टीव्हीवर माइनक्राफ्ट आलं, तेव्हा चित्र बदलेल असं वाटलं. दोन वर्षांच्या आत, २०१८ मध्ये, त्याचे अपडेट बंद झाले. जिथे जास्त लोक खेळतात तिथेच आम्ही शक्ती लावणार, असं कारण दिलं गेलं. टीव्ही बॉक्सवर गेम विकत घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: बॉक्स चालू राहतो आणि खेळ हातातून जातो.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर करताना टीव्ही आणि मनोरंजन यांवर इतका भर दिला की खेळणारे नाराज झाले. किनेक्ट कॅमेऱ्यासह त्याची किंमत प्लेस्टेशन फोरपेक्षा १०० डॉलरने जास्त होती. त्या पिढीत प्लेस्टेशनने एक्सबॉक्सच्या दुपटीहून अधिक विक्री केली. दोन्ही कामांना सारखंच वजन देऊ पाहणाऱ्या यंत्राला खेळणारे आपलं मानत नाहीत, आणि नुसता सिनेमा बघणाऱ्याला ते महाग पडतं.

सिनेमाची बाजू

इथे फार रेंगाळायची गरज नाही. नावाजलेल्या कंपनीचा, गूगल टीव्ही, फायर टीव्ही किंवा ॲपल टीव्हीचा कोणताही बॉक्स नेटफ्लिक्स, प्राइम, जिओहॉटस्टार, यूट्यूब नीट चालवतो. अँड्रॉइडवर चित्र एचडी किंवा फोर-के दिसण्यासाठी वाइडवाइन एल-वन नावाचं प्रमाणपत्र लागतं. अस्सल अँड्रॉइड बॉक्समध्ये ते असतं, बेनामी बॉक्समध्ये बहुधा नसतं, आणि मग फोर-के टीव्हीवर नेटफ्लिक्स धुरकट दिसतं.

एक बाब मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण सेकंदाला ५० चित्रांच्या हिशेबाने चालतं, सिनेमा २४ चित्रांचा असतो आणि बरेच बॉक्स मात्र कायम ६० वर चित्र पाठवतात. पन्नासाचे साठ करायचे तर दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. एरवी ते जाणवत नाही. पण फलंदाजाने उंच फटका मारला आणि कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे धावू लागला, की मागची प्रेक्षकांची गॅलरी बारीक बारीक झटके देत सरकते. ॲपल टीव्हीत, फायर टीव्हीच्या फोर-के स्टिकमध्ये आणि अनेक गूगल टीव्ही बॉक्समध्ये मूळ फ्रेम रेट जुळवण्याची सेटिंग असते. ती चालू केली आणि ॲपने साथ दिली, तर हा दोष जातो. ज्या घरात क्रिकेट बघितलं जातं, त्या घराने ही सेटिंग आहे की नाही ते विचारूनच बॉक्स घ्यावा.

कन्सोलच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. भारतीय ओटीटी ॲप आधी अँड्रॉइड टीव्ही आणि फायर टीव्हीवर येतात, कन्सोलकडे त्यांचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं. घरात रोज मराठी मालिका बघितल्या जात असतील, तर ते ॲप त्या कन्सोलवर आहे का हे पैसे देण्याआधी तपासावं. नाहीतर कन्सोल आणूनही जुनी स्टिक टीव्हीला लटकलेलीच राहते.

खेळाची बाजू

गेमच्या दृष्टीने स्वस्त स्टिकची पहिली अडचण जागेची. बऱ्याच स्टिकमध्ये ८ जीबी स्टोरेज असतं. त्यातलं बरंचसं सिस्टीमच व्यापते आणि हाताशी पाचेक जीबी उरतात. त्यात चार-पाच ओटीटी ॲप बसतात आणि त्यांचा साठलेला डेटाही. मग गाड्यांच्या शर्यतीचा एखादा मोठा गेम उतरवायला गेलं की जागा नसल्याची सूचना येते. रॅमही एक-दोन जीबीच असते. १६ जीबी स्टोरेज ही गेम खेळायच्या स्टिकसाठी किमान अट समजावी.

दुसरी अडचण दुकानाची, म्हणजे ॲप स्टोअरची. फोनवरचे सगळे गेम टीव्हीवर मिळत नाहीत. बीजीएमआय आणि फ्री फायर टीव्हीच्या प्ले स्टोअरमध्ये नाहीत. मुलाने त्यासाठीच हट्ट धरला असेल, तर कोणताही टीव्ही बॉक्स आणला तरी त्याची निराशाच होणार. ॲमेझॉनच्या २०२५ मधल्या एका नव्या स्टिकवर तर अँड्रॉइडऐवजी कंपनीची स्वतःची वेगा ही प्रणाली आहे आणि त्यावर बाहेरून अँड्रॉइड ॲप टाकताच येत नाहीत.

तिसरी अडचण लॅगची, आणि खेळाची मजा तीच सगळ्यात जास्त घालवते. बटण दाबल्यापासून पडद्यावरचा माणूस उडी मारेपर्यंत काय काय घडतं? कंट्रोलरचा इशारा ब्लूटूथवरून बॉक्सकडे जातो. बॉक्स नवं चित्र तयार करतो. सेकंदाला ६० चित्रं म्हटली तर एकेका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद लागतात. ते चित्र एचडीएमआयमधून टीव्हीकडे जातं. मग टीव्ही त्याचे रंग खुलवतो, हालचाल गुळगुळीत करतो. साध्या मोडमध्ये या सजावटीतच ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. गेम मोड चालू केला की अनेक टीव्हींवर हा वेळ वीसच्या आसपास येतो. बॉक्स मंद आहे म्हणून तक्रार करणाऱ्या किती तरी घरांत दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. नवे कन्सोल आणि टीव्ही एकमेकांना ओळखून हा मोड आपोआप लावतात. स्वस्त स्टिकवर तो हाताने लावावा लागतो, आणि लावायलाच हवा.

पर्याय कोणकोणते

स्टिक आणि गूगल टीव्ही बॉक्स. तीन ते सात हजारांत मिळतात. क्रॉसी रोड किंवा बीच बगी रेसिंगसारखे हलके खेळ त्यांवर छान चालतात, आणि बीच बगीमध्ये स्क्रीन विभागून एकत्र खेळता येतं. भारतीय ब्रँडचे दीड-दोन हजारांचे कंट्रोलर अँड्रॉइडवर चालतात. सणासुदीला भावंडं जमली की तासभर खेळायला एवढं पुरे. जिओ किंवा एअरटेल ब्रॉडबँडबरोबर येणारा बॉक्स घरात असेल, तर नवं काही घेण्याआधी त्यावरच खेळून बघावं.

ॲपल टीव्ही फोर-के. २०२२ च्या मॉडेलची भारतातली किंमत आली तेव्हा १४,९०० रुपयांपासून होती. त्यात आयफोन १३ च्या पिढीची चिप आहे, म्हणजे वेगाच्या बाबतीत ती स्टिकच्या फार पुढे आहे. तिचा खरा गुण ॲपल आर्केड. ही सेवा २०१९ मध्ये महिना ९९ रुपयांत भारतात सुरू झाली. तिच्यातल्या गेममध्ये जाहिराती नाहीत, आतून पैसे मागणं नाही, आणि एकाच वर्गणीत घरातल्या सहा जणांना खेळता येतं. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती निर्धास्तपणे द्यावं असं गेमचं दुकान आज दुर्मिळ आहे, म्हणून मी या गोष्टीला फार मोल देतो. कंट्रोलर मात्र वेगळा घ्यावा लागतो. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनचे कंट्रोलर चालतात, पण एकेकाचे पाच-सहा हजार मोजावे लागतात. मोठे, गाजलेले गेम इथे फारसे नाहीत, हेही आधीच मान्य करावं.

शील्ड. २०१९ च्या शील्ड प्रोची जात अजूनही वेगळी आहे. २०१५ च्या पहिल्या शील्डलाही एनव्हिडियाने वर्षानुवर्षं अपडेट दिले, आणि अँड्रॉइड बॉक्सच्या जगात अशी निष्ठा क्वचितच दिसते. अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी तो आजही चांगला पर्याय आहे. तिकडून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवायचा विचार असेल, तर इथे वॉरंटीचा आधार नसतो हे लक्षात घ्यावं. शिवाय त्याच्या चिपची मूळ रचना आता दशकभर जुनी आहे. पूर्वी एनव्हिडियाच्या गेमस्ट्रीममधून घरच्या कॉम्प्युटरवरचे गेम शील्डवर येत. ती सोयही कंपनीने २०२३ मध्ये काढून घेतली.

कन्सोल. खेळ हाच मुख्य हेतू असेल तर दुसरा मार्ग नाही. एक्सबॉक्स सिरीज एस २०२० मध्ये भारतात ३४,९९० रुपयांना आला, प्लेस्टेशन फाइव्ह २०२१ च्या फेब्रुवारीत ४९,९९० रुपयांना. पुढे किमती वाढल्या. सिरीज एसमध्ये डिस्क चालत नाही, सगळे गेम डाउनलोड करावे लागतात. डिस्कवाला प्लेस्टेशन महाग असला तरी आपल्याकडे त्याचा हिशेब वेगळा बसतो. नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात असतो. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राशी बदलता येते, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या डिस्कची उलाढालही चालते. डाउनलोड केलेला गेम मात्र कोणालाच देता येत नाही. शिवाय हा प्लेस्टेशन फोर-के ब्लू-रेही लावतो.

विजेच्या बिलाची भीती काही जण घालतात. सिनेमा दाखवताना मोठा कन्सोल ५० वॅट घेतो असं धरलं आणि रोज चार तास बघितलं, तर महिन्याला सहा युनिट होतात. तीन वॅटच्या बॉक्सला अर्धा युनिटही लागत नाही. फरक आहे, पण कन्सोल नाकारण्याइतका मोठा नाही. एक्सबॉक्स झोपेच्या मोडमध्ये न ठेवता पूर्ण बंद करण्याची सेटिंग तेवढी लावावी, कारण त्या मोडमध्ये तो काही न करता दिवसभर वीज खात बसतो.

क्लाउड. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे फक्त चित्र येतं, ही कल्पना २०१० मध्ये ऑनलाइव्हने बाजारात आणली आणि २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. गूगलचं स्टेडिया २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि २०२३ च्या जानेवारीत बंद पडलं. गूगलने ग्राहकांचे पैसे परत केले, ही जमेची बाजू. भारतात स्टेडिया आलंच नाही. एक्सबॉक्सचं क्लाउड गेमिंग मात्र २०२५ च्या नोव्हेंबरात इथे अधिकृतपणे सुरू झालं. त्यामुळे साध्या वस्तूवरही मोठे गेम खेळण्याची वाट उघडली. त्यासाठी स्थिर फायबर, पाच गिगाहर्ट्झचं वायफाय किंवा लॅन केबल हवी. २५ एमबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला ११ जीबी डेटा जातो. फायबरच्या प्लॅनला ते पेलतं, मोबाइल हॉटस्पॉटला पेलत नाही. जिथे वीज जाते तिथे राउटरला छोटा यूपीएस लागतो. सर्व्हर लांब असेल तर लॅग वाढतो, म्हणून निवांत खेळांना क्लाउड ठीक, चुरशीच्या मारामारीला नाही.

घरचाच कॉम्प्युटर. हा पर्याय फार कमी लोकांना सुचतो. घरात गेमिंगचा पीसी असेल, तर स्टीम लिंक किंवा मूनलाइट हे मोफत ॲप बॉक्सवर टाकून तेच गेम हॉलमधल्या टीव्हीवर खेळता येतात. प्लेस्टेशन दुसऱ्या खोलीत असेल, तर गूगल टीव्हीवर त्याचं रिमोट प्ले चालतं. चित्र घराबाहेर जातच नाही, त्यामुळे लॅग क्लाउडपेक्षा बराच कमी. पीसीला राउटरपासून केबल ओढली की निम्मं काम झालं.

काय टाळावं

ऑनलाइन बाजारात दोन-तीन हजारांना बेनामी बॉक्स मिळतात: आठ-के, भरमसाट रॅम, सगळे चॅनेल फुकट. त्यांच्याबरोबर दहा हजार गेम भरलेल्या स्टिकही विकल्या जातात, त्यातले बहुतेक खेळ चोरीचे असतात. खरा धोका मात्र सुरक्षेचा आहे. अशा बऱ्याच बॉक्समध्ये कारखान्यातूनच मालवेअर येतं, हे २०२३ मध्ये बॅडबॉक्स प्रकरणात उघड झालं. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याच्या नव्या आवृत्तीबद्दल जाहीर इशारा दिला आणि जुलैत गूगलने त्यामागच्या टोळीवर खटला भरला. एक कोटीहून अधिक वस्तूंना बाधा झाल्याचं गूगलने सांगितलं. असा बॉक्स घरच्या वायफायवर बसतो, आणि त्याच वायफायवर आपला बँकेचा व्यवहारही चालतो. स्वस्त मिळतो म्हणून तो कोणीही घरात घेऊ नये, भेट म्हणूनही देऊ नये.

मग घ्यावं काय

एरवी सिनेमा-मालिका आणि सणावाराला थोडं खेळणं, असं घर असेल तर १६ जीबीची चांगली स्टिक आणि दोन साधे कंट्रोलर. लहान मुलं असतील, आयफोन आधीच घरात असेल, तर ॲपल टीव्ही आणि आर्केड. गेमिंग पीसी असेल तर स्टिक आणि लॅन केबल, नवा कन्सोल नको. फायबर चांगलं असेल आणि आवड अजून ठरली नसेल, तर महिनाभर क्लाउडची वर्गणी घेऊन बघावं. आणि घरात कोणाला खरोखर खेळायचं असेल, म्हणजे क्रिकेट २४, फुटबॉल, टेकन किंवा दोघांशिवाय सुरूच न होणारा इट टेक्स टू, तर पैसे साठवून डिस्कवाला कन्सोल घ्यावा आणि ओटीटीसाठी जोडीला स्वस्त स्टिक ठेवावी. दोन वस्तू झाल्या तरी हरकत नाही. प्रत्येकीने आपलं काम नीट करणं महत्त्वाचं.

यातला कोणताही मार्ग धरला तरी दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे बाजूला ठेवावेत. गेम खेळायला प्रत्येकाच्या हातात फोन आहेच, आणि त्यावर प्रत्येक जण एकेकटा खेळतो. टीव्ही हा घरातला एकच पडदा असा आहे, ज्याच्यासमोर दोन भावंडं, आई आणि मुलगी, आजोबा आणि नातू शेजारी बसून एकमेकांना हरवू शकतात. टीव्हीवर खेळण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. बॉक्सची चिप कितीही चांगली असली तरी त्यावर दोघांनी मिळून खेळायचे तीन-चार उत्तम खेळ नसतील, तर तो घरासाठी अपुरा आहे. दुकानात जाण्याआधी त्या तीन-चार खेळांची नावं कागदावर लिहावीत आणि ती ज्या बॉक्सवर सगळी सापडतील, तोच घ्यावा.